बेशुद्ध माणूस करार कसा करणार?

अपघातातल्या माणसाला रुग्णवाहिकेत घालताना त्याच्या विमा कंपनीच्या यादीत कोणतं रुग्णालय आहे, हे कुणी विचारत बसत नाही. अमेरिकेत मात्र त्याची किंमत पेशंटच मोजत आला. कधी रुग्णालय यादीतलं असे, पण भूल देणारा डॉक्टर यादीबाहेरचा. कंपनी थोडे पैसे देई आणि उरलेलं बिल पेशंटच्या घरी येई.

बाजाराचे वकील याला करारस्वातंत्र्य म्हणतात. बाबासाहेबांनी १९४७ मध्येच ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हा बुरखा फाडला. राज्यसंस्थेने हात काढून घेतला की दुबळ्यावर खासगी मालकाचीच हुकूमशाही येते, हा त्यांचा युक्तिवाद. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, असंही त्यांनी त्यात मांडलं.

अमेरिकेचा इतिहास याला साक्ष आहे. १९८६ च्या कायद्याने रुग्णालयांना तातडीच्या पेशंटवर प्राथमिक उपचार बंधनकारक केले, पण बिल कुणी भरायचं यावर तो गप्प राहिला. न्यूयॉर्कने २०१४ मध्ये स्वतःचा कायदा केला. तरी मालक स्वतःच्या पैशातून चालवतात त्या कामगार विमा योजनांना १९७४ च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्यांचे असे नियम लागू होत नव्हते. २०१९ मध्ये केंद्रीय कायद्याची चर्चा सुरू होताच ‘डॉक्टर पेशंट युनिटी’ नावाच्या गटाने विरोधात कोट्यवधी डॉलरच्या जाहिराती केल्या. नाव डॉक्टर-पेशंटचं; पैसा मात्र बड्या गुंतवणूकदारांच्या मालकीच्या, रुग्णालयांना डॉक्टर पुरवणाऱ्या कंपन्यांचा!

अखेर डिसेंबर २०२० मध्ये ‘नो सरप्रायझेस ॲक्ट’ झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. आता अशा वेळी पेशंटने यादीतल्या उपचाराइतकाच आपला हिस्सा भरायचा. बाकीचं भांडण विमा कंपनी आणि डॉक्टरने लवादापुढे मिटवायचं. हवाई रुग्णवाहिका कायद्यात आली, रस्त्यावरची मात्र बाहेरच राहिली.

आपल्याकडे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना अंगीकृत रुग्णालयांतच चालते. छातीत कळ आली की वस्तीतली माणसं जवळचा दवाखाना गाठतात, यादी शोधत नाहीत. २०२१ च्या नियमांनी महाराष्ट्रात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं खासगी रुग्णालयांना बंधनकारक केलं. ते लावायला आपण भाग पाडलंच पाहिजे. पण मध्यरात्री दर वाचून कोण निवड करणार?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: तातडीच्या वेळी रुग्णालय अंगीकृत नसलं तरी उपचार योजनेच्या दरातच व्हावेत आणि पैशांचा हिशोब शासन व रुग्णालयाने आपसात करावा. ही दया नव्हे, हक्क आहे.

जय भीम!