पंचांचा शब्द

दिवाळी आटोपते, धानाची कापणी उरकत येते आणि भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागतात. दिवसा दुकाने आणि दंडार, रात्री नाटक. पुढे थंडी वाढली की कबड्डीच्या सामन्यांचा हंगाम येतो. दिघोरीसारख्या गावात मैदान तयार करायला फारसे काही लागत नाही. मोकळी जागा, दगडगोटे वेचून घेतलेली माती, तिच्यावर पाण्याचा शिडकावा, चुन्याच्या रेषा आणि चार खांबांवर दिवे. तेवढ्या उजेडाभोवती आसपासच्या गावांची माणसे घोंगड्या-शाली पांघरून बसतात आणि मध्यरात्र उलटली तरी उठत नाहीत.

सामना रंगात येतो आणि मग एखादा नाजूक क्षण उभा ठाकतो. चढाईवीराचा दम मध्यरेषेच्या अलीकडे तुटला की पलीकडे? त्याच्या बोटाचा स्पर्श गड्याला झाला की नुसता वारा लागला? पाय रेषेवर पडला की रेषेबाहेर? क्षणात दोन्ही संघ एकमेकांसमोर येतात, प्रेक्षक रेषा ओलांडतात आणि सर्वांनाच सर्व काही दिसलेले असते. शेवटी गावातला कोणी वडीलधारा मध्ये पडतो आणि म्हणतो, "पंचांनी सांगितले ना? मग विषय संपला." कधी तो खरोखर संपतो. कधी मात्र एक संघ गुण गमावून मुकाट्याने परत जातो आणि पुढील वर्षी त्या गावाकडून प्रवेशिकाच येत नाही.

वाद बंद करणे आणि वाद मिटवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रसंगात दिसते. वाद बंद केला नाही तर खेळ पुढे जात नाही. पण बंद केलेला वाद मिटलाच, असे मानून चालल्यास खेळणारी माणसेच उरत नाहीत. आपल्या या देशी खेळाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या अंगाने वाचण्यासारखा आहे.

'पंच' हा शब्द आपण पंचायतीतून मैदानावर आणला. पाचामुखी परमेश्वर, ही त्यामागची श्रद्धा. एकट्याची नजर चुकेल, पाचांची सहसा चुकणार नाही. कबड्डीत मुख्य पंचाला तर आपण 'सरपंच' म्हणतो. त्याच्या हाताखाली दोन पंच, गुणलेखक आणि त्याचे साहाय्यक असतात. इंग्रजीतील 'अंपायर' हा शब्द मात्र निराळ्या वाटेने आला. जुन्या फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ 'जोडीचा नसलेला', म्हणजे दोन पक्षांपैकी कोणाचाही नसलेला तिसरा, असा होता. आपला शब्द संख्येवर विसंबतो, त्यांचा अलिप्ततेवर. चांगल्या निवाड्याला दोन्ही लागतात.

हा तिसरा माणूस खेळात आरंभापासून होता असे मात्र नाही. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉलचे नियम ठरविण्यासाठी मंडळे एकत्र आली, तेव्हा मैदानावर असा निवाडा करणारा अधिकारी त्यांना आवश्यक वाटला नव्हता. सभ्य माणसे आपापसांत ठरवतील, असा विश्वास होता. पुढे प्रत्येक संघाने आपला एकेक पंच आणला आणि त्या दोघांचे जुळले नाही तर विचारायला बाहेर एक तिसरा बसू लागला. १८९१ साली त्या तिसऱ्यालाच मैदानात आणून निर्णयाचा अधिकार देण्यात आला. १८६३च्या त्याच बैठकांत प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारावी की नाही, यावर कडाक्याचा वाद झाला. मताधिक्याने लाथ बंद झाली, तेव्हा ब्लॅकहीथ हा क्लब बाहेर पडला. त्या विचाराच्या मंडळींनी पुढे रग्बीची वाट धरली. ज्यांचे म्हणणे ऐकून घेऊनही मान्य झाले नाही, त्यांना निदान आपला वेगळा खेळ खेळण्याची मोकळीक तरी होती.

आता आपल्या मातीकडे येऊ. महाराष्ट्रात हुतूतू, दक्षिणेत चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू. दम धरून परक्या अंगणात शिरायचे, कोणाला तरी शिवून परतायचे, एवढे मूळ सर्वत्र सारखे होते. बाकी सारे गावागणिक बदलत असे. मैदान केवढे, गडी किती, बाद झालेल्याचे काय करायचे, याविषयी लिहिलेले काही नव्हते. गावच्या गावात खेळताना त्याचे काही बिघडत नसे, कारण सगळ्यांना एकच रीत ठाऊक असे. अडचण येई ती दुसऱ्या गावाशी खेळताना. दोघांचीही रीत खरी, दोघांचाही आग्रह खरा, आणि पंचाजवळ बोट ठेवायला कागद नाही. अशा वेळी ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम खरा ठरतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी मंडळींनी देशी खेळांना शिस्त लावण्याचे मनावर घेतले, त्याचे मर्म येथे आहे. खो-खोचे नियम बसविण्याचे काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४च्या सुमारास हाती घेतले. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापले आणि त्याच नियमांनुसार सामने भरविले. विदर्भात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून आखाड्याच्या परंपरेला संस्थेचे रूप दिले होते. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, त्यांत हुतूतूही होता. १९३८ साली कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला स्थान मिळाले. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ साली मद्रासला आणि महिलांची १९५५ साली कलकत्त्याला झाली.

या सनावळीचा अर्थ काय? नियम छापला गेला तेव्हा वाद थांबले नाहीत. त्यांची जागा मात्र बदलली. पूर्वी जी चर्चा मातीवर, घामाघूम अवस्थेत, रागाच्या भरात होई, ती आता सामन्याच्या आधी आणि नंतर, बैठकीत, शांतपणे होऊ शकत होती. मैदानावर पंचाचा शब्द अंतिम आणि मैदानाबाहेर नियमाची चर्चा खुली, अशी ती विभागणी होती. पंचाने चर्चा थांबविली तरी खेळाडूची बाजू कायमची बुडत नव्हती. तिला दुसरे दार होते.

जुन्या हुतूतूच्या तीन रीती जाणत्या वाचकांना आठवत असतील : गामिनी, अमर आणि संजीवनी. तिन्हींत फरक मुख्यत्वे एवढाच, की बाद झालेल्या गड्याचे काय करायचे.

गामिनीत बाद झालेला बाहेर गेला की गेला. त्याच्या बाजूचे सगळे गडी बाद होऊन डाव संपेपर्यंत त्याने रेषेबाहेर बसून राहायचे. तेथे वेळेचेही बंधन नसे. अमर प्रकारात बाद झालेला बाहेर जातच नसे. प्रतिपक्षाला गुण मिळे आणि हा गडी मैदानातच खेळत राही. संजीवनीत बाद झालेला बाहेर जातो खरा, पण त्याच्या सोबत्यांनी प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की याच्या बाजूचा एक गडी परत आत येतो. आजची मान्यताप्राप्त कबड्डी संजीवनीच्या तत्त्वावर उभी आहे.

खेळाच्या या तीन रीतींत माणसांना वागविण्याच्या तीन रीती दडलेल्या आहेत. चुकलेल्याला कायमचे बाहेर काढले तर शिस्त कडक राहते, पण खेळ पाहता पाहता ओसाड होतो. शेवटी दोन-तीन गडीच धावत राहतात आणि बाकीचे कडेला बसून कंटाळतात. चुकीची नुसती नोंद करून सर्वांना आतच ठेवले तर मैदान भरलेले राहते, मात्र बाद होण्याची कोणाला धास्ती वाटत नाही. संजीवनीने मधला मार्ग काढला. चुकीची किंमत मोजायची, बाहेर बसायचे, परंतु परतीची वाट सोबत्यांच्या पराक्रमाने उघडायची. लोकांना हीच रीत रुचली आणि तीच टिकली. आजच्या नियमांतील पत्तेही याच धर्तीचे आहेत. हिरवा पत्ता म्हणजे ताकीद, पिवळा म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यापुरती हकालपट्टी. शिक्षेला पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला मुदत आहे.

नियम लिहून ठेवूनही वाद कसा पेटतो, याचे उदाहरण फार जुने नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेतील पुरुष कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. गुणफलक २८-२८ असा बरोबरीत आणि शेवटचा दीड-एक मिनिटाचा खेळ बाकी. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला, कोणालाही न शिवता कडेच्या राखीव पट्ट्यात गेला आणि त्याला धरायला इराणचे बचावपटूही त्याच्यामागे त्या पट्ट्यात उतरले. एका नियमाप्रमाणे स्पर्श न होता पट्ट्यात गेलेले सगळेच बाद, म्हणजे भारताला अधिक गुण. दुसऱ्या, नव्या नियमाप्रमाणे चढाईवीर पट्ट्यात गेला तेथेच चढाई संपली, म्हणून बाद तो एकटाच. निर्णय एकदा दिला गेला, फिरला, पुन्हा फिरला. सामना जवळपास तासभर थांबला. अखेर निर्णय भारताच्या बाजूने गेला आणि भारताने ३३-२९ असा विजय मिळविला.

सुवर्णपदक आपल्याकडे आले याचा आनंद आहेच. तरीही क्षणभर आपण इराणी खेळाडूच्या जागी उभे राहू या. त्याचे दुःख हरल्याचे असेल, त्याहून अधिक हे असेल की कोणता नियम लागू आहे ते त्याला खेळताना ठाऊक नव्हते. पंच फिरतो तेव्हा बाद दिल्याने जेवढे दुखत नाही तेवढे या अनिश्चिततेने दुखते. दोन गावांच्या दोन रीती एका मैदानावर आल्या की काय होते, ते आपल्या आजोबांनी पाहिले होते. तोच प्रसंग शंभर वर्षांनी मॅटवर, झगझगीत दिव्यांखाली पुन्हा घडला.

याउलट, दुसरे दारच बंद झाले तर काय होते, तेही या खेळाने पाहिले आहे. भारतीय हौशी कबड्डी महासंघाची सूत्रे वर्षानुवर्षे एकाच घरात राहिली. आजीव अध्यक्षपद निर्माण झाले. तक्रार ज्यांच्याकडे करायची त्यांच्याविरुद्धच तक्रार असेल तर खेळाडूने कोठे जावे? काही माजी खेळाडू दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१८मध्ये न्यायालयाने त्या नेमणुका रद्द केल्या आणि महासंघावर प्रशासक नेमला. घरातला वाद घरात ऐकला गेला नाही म्हणून तो न्यायालयाच्या पायरीवर गेला, असेच याचे वर्णन करावे लागेल. ज्यांनी चर्चा बंद केली त्यांना शांतता लाभली असे वाटत असावे. वास्तविक ती फक्त लांबणीवर पडली होती.

मग चांगला पंच कोणता? या इतिहासावरून तीन गोष्टी तरी सांगता येतात. पहिली, नियम खेळाआधी सर्वांना सांगितलेला असावा. दुसरी, निर्णय देताना त्याचे कारण चार शब्दांत का होईना, सांगावे. 'दम तुटला' एवढे दोन शब्दही पुरेसे असतात, 'मी सांगतो म्हणून' हे पुरत नाही. तिसरी, मैदानावर बंद केलेल्या वादासाठी मैदानाबाहेर एक बैठक असावी आणि त्या बैठकीत निर्णय देणारा पंच एकटाच न्यायाधीश नसावा. २०१४ साली सुरू झालेल्या व्यावसायिक लीगमध्ये संघाला चित्रफीत पाहून निर्णय तपासून घेता येऊ लागला. तेथेही तत्त्व हेच आहे. पंचाचा मान राखून त्याच्या नजरेला दुसऱ्या नजरेची जोड मिळते.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतही सणांच्या निमित्ताने तरुण मंडळी सामने भरवितात. त्यांत पंच म्हणून आपल्यापैकीच कोणीतरी उभा राहतो. कोणाचा काका, कोणाचा शिक्षक. त्याच्यावर पक्षपाताचा आरोप सहज होतो आणि 'गप्प बसा' हे त्याच्या तोंडीही सहज येते. आता आपली मुले दूरच्या, कधी न पाहिलेल्या सोबत्यांशी पडद्यावरही खेळतात. तेथेही कोणीतरी बोलणे थांबवितो, कोणाला तरी बाहेर काढतो, आणि मूल मुकाट्याने खोलीच्या कोपऱ्यात बसून राहते. आईवडिलांनी अशा वेळी 'खेळच तो, सोडून दे' म्हणण्याआधी एकदा विचारावे : नियम तुला ठाऊक होता का? कारण सांगितले का? परत येण्याची काही वाट ठेवली आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर मुलाने निर्णय मानावा, हे शिकवणे आपले काम. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल तर त्याची बाजू घेणे हेही आपलेच काम.

येत्या थंडीत दिघोरीच्या परिसरात पुन्हा मैदाने आखली जातील. सामन्याच्या आधी दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावून पंचांनी पाच मिनिटे नियम वाचून दाखवावेत, आणि सामन्यानंतर चहाच्या वेळी हरलेल्या संघाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. एवढे झाले तरी पुढील वर्षी त्या गावाची प्रवेशिका येईल.