टिपूनंतरचा खराद

वर्गात आम्ही टिपू सुलतान शिकवतो तो लढायांचा. ४ मे १७९९ ला तो श्रीरंगपट्टणला धारातीर्थी पडला की धडा संपतो. पण बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणात लाकडी खेळण्यांच्या दुकानांतून त्याचे नाव आजही निघते. त्याने इराणी कारागीर आणवून ही कला रुजवली, असे तिथली परंपरा सांगते. काळ्या कुड्याचे लाकूड खरादावर फिरवतात. रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. केवड्याच्या पानाने तिला चकाकी येते. हिंदू-मुसलमान दोघांचेही हात त्यात राबतात. मराठीतला ‘खरादी’ हा शब्दही अरबी ‘खर्रात’शी नाते सांगतो. पुढच्या वर्षी हा धडा शिकवताना वर्गात एक भोवरा न्यायचा, असे आम्ही ठरवले आहे.