स्वप्न न पडणे आणि स्वप्न न आठवणे

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे; परंतु 'मला स्वप्नेच पडत नाहीत' असे ठामपणे सांगणारी माणसेही आपल्या ओळखीत असतातच. या विधानाचे दोन अर्थ संभवतात. स्वप्न पडले, पण जाग येईपर्यंत विस्मृतीत गेले, हा एक. स्वप्न पडण्याची क्रियाच थांबली, हा दुसरा. पहिला प्रकार सर्रास आढळणारा व निरुपद्रवी आहे. दुसरा दुर्मीळ असून त्याचा संबंध बहुधा मेंदूला झालेल्या इजेशी असतो.

शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये झोपेतील एका विशेष अवस्थेची नोंद केली. या अवस्थेत मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे वेगाने हलतात. हीच 'रेम' निद्रा. विल्यम डिमेंट व क्लाइटमन यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या अवस्थेतून १९१ वेळा माणसांना उठवले असता १५२ वेळा त्यांना स्वप्न सांगता आले. अन्य झोपेतून १६० वेळा उठवले असता केवळ ११ वेळा. पुढे अन्य झोपेतही स्वप्ने पडत असल्याचे दिसून आले. मांडूक्य उपनिषदात स्वप्न आणि सुषुप्ती या दोन स्वतंत्र अवस्था मानल्या आहेत. प्रयोगशाळेत मात्र ही सीमारेषा तितकी स्पष्ट आढळत नाही.

स्वप्न विसरण्याचे एक कारण असे, की स्मृती पक्की करण्यास साहाय्य करणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन हे रसायन रेम निद्रेत अत्यल्प असते. स्वप्न टिकण्यासाठी मध्येच थोडी जाग यावी लागते. फ्रान्समधील लियाँ येथे पेरीन रुबी व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, स्वप्ने वारंवार आठवणारे लोक रात्री एकूण सुमारे ३० मिनिटे, तर क्वचित आठवणारे सुमारे १५ मिनिटे जागे असल्याचे आढळले. म्हणजे स्वप्न न आठवणे हे काही वेळा सलग झोपेचे लक्षण ठरते! फ्रान्समध्येच २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास अधिक बोलका आहे. झोपेत हातपाय झाडण्याचा विकार असलेले, पण वर्षानुवर्षे एकही स्वप्न न आठवणारे काही रुग्ण चित्रफितीत भांडताना, बोलताना, ठोसे मारताना दिसले. स्वप्न घडत होते, स्मरण मात्र नव्हते.

स्वप्ने खरोखर लोपण्याची कथा निराळी आहे. झाँ-मार्टिन शार्को यांनी १८८३ मध्ये एका रुग्णाचे वर्णन केले. त्याची डोळ्यांपुढे चित्र उभे करण्याची शक्ती गेली आणि स्वप्ने केवळ शब्दांत पडू लागली. १८८७ मध्ये हेरमान विलब्रांट यांनी असाच रुग्ण नोंदवला. दोघांच्या नावांनी हा लक्षणसमूह आजही ओळखला जातो. मार्क सोल्म्स यांनी १९९७ च्या ग्रंथात मेंदूची दोन स्थाने दाखवली: पार्श्वभागातील कानशिलामागचा प्रदेश आणि कपाळामागील खोलवरचे तंतू. यांपैकी कोणतेही स्थान दुखावल्यास स्वप्ने थांबू शकतात. झुरिच येथील एका ७३ वर्षांच्या महिलेला पक्षाघातानंतर आलेला दृष्टिदोष काही दिवसांत निवळला. स्वप्ने मात्र तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिली. २००४ मध्ये नोंदलेल्या या रुग्णाची रेम निद्रा मात्र अबाधित होती. याउलट, मेंदूत धातूचा तुकडा रुतल्याने रेम निद्रा जवळजवळ नाहीशी झालेला इस्रायलमधील एक तरुण कायद्याचे शिक्षण पूर्ण करू शकला, असे १९८४ चा एक अहवाल सांगतो. रेम निद्रेअभावी बुद्धी खालावते, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

नैराश्यावरील अनेक औषधे व मद्य यांमुळे रेम निद्रा कमी होते. तथापि स्वप्नांसाठी औषध परस्पर बंद करणे धोक्याचे. आयुष्यभर स्वप्ने न आठवणाऱ्याने चिंता करण्याचे कारण नाही. ती आठवावीत अशी इच्छा असल्यास जाग आल्यावर कूस न बदलता क्षणभर पडून राहावे व उशाशी वही ठेवावी. मात्र नियमित पडणारी स्वप्ने एकाएकी थांबली आणि सोबत दृष्टीत बदल, ओळखीचे चेहरे न उमगणे वा तीव्र डोकेदुखी असेल, तर ते वयाच्या माथी न मारता तत्काळ रुग्णालय गाठून मेंदुविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.