मधुमेह, पोट आणि मन: तिन्हींचा संबंध काय?

मधुमेह म्हटलं की डोळे, किडनी आणि पाय आठवतात. पोट फुगणं, मळमळ, जुलाब किंवा बद्धकोष्ठता मात्र 'अॅसिडिटी' म्हणून सोडून दिली जाते आणि उदासी, धडधड 'टेन्शन' म्हणून. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यापैकी अनेकांना या दोन्ही तक्रारी एकत्र असतात.

पोट का बिघडतं?

साखर अनेक वर्षं वाढलेली राहिली की जठराची हालचाल सांभाळणाऱ्या वेगस नसेला इजा होऊ शकते. मग अन्न जठरात रेंगाळतं. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. इन्सुलिन घेतलेलं असतं, पण अन्न पुढे सरकलेलं नसतं. म्हणून साखर आधी घसरते आणि नंतर वाढते. कधी कारण औषधही असतं. मेटफॉर्मिनमुळे काहींना सुरुवातीला जुलाब होतात. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करू नये. डॉक्टर डोस किंवा गोळीचा प्रकार बदलू शकतात.

मनाचा काय संबंध?

मेंदू आणि आतडी नसांनी जोडलेली आहेत. काळजीने आतड्यांची हालचाल बदलते आणि ताणाच्या हार्मोन्समुळे साखर वाढते. उलट, पोटाचा भरवसा नसला की माणूस घराबाहेर पडायला घाबरतो. महाबळेश्वरहून तपासणीसाठी साताऱ्याला जायचं, तर पसरणी घाटात 'लागली' तर काय, या धास्तीने जेवण टाळलं जातं आणि तपासणीही. मधुमेहींमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं.

घाबरल्यासारखं होतंय की साखर उतरली?

घाम, थरथर, धडधड ही लक्षणं दोन्हींत सारखीच असतात. म्हणून आधी ग्लुकोमीटरने साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. हाताशी असलेलं स्ट्रॉबेरी-क्रीम इथे कामाचं नाही. क्रीममधल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता लगेच दवाखान्यात न्यावं.

डॉक्टरांना काय सांगावं?

पोटाची तक्रार जेवणानंतर होते की रात्री, कोणत्या गोळीनंतर सुरू झाली, हे लिहून न्यावं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर तेही त्याच भेटीत सांगावं. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय दूर वाटत असेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

थांबू नये अशी लक्षणं

न थांबणारी उलटी, काळी शौच, अकारण घटणारं वजन किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. अचानक घाम, मळमळ आणि दम लागणं याला 'गॅस' समजू नये. १०८ वर फोन करावा.