निजामाच्या नावाची बाँबफेकी विमाने

चोपड्याहून तापी ओलांडून जळगाव, पहूर करीत अजिंठ्याच्या वाटेला लागलात की घाटाच्या पायथ्याशी फर्दापूर लागते. 1918 साली इथे सरहद्द होती. अलीकडचा पूर्व खानदेश इंग्रजांच्या खालसा मुलखात. पलीकडचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबादच्या निजामाकडे. ज्वारी-कापूस दोन्हीकडे सारखाच. सारा तेवढा वेगवेगळ्या तिजोरीत जाई. पलीकडच्या तिजोरीतला पैसा त्या साली कुठवर उडत गेला, ते ऐका.

पहिले महायुद्ध चालू होते. 13 जून 1917 रोजी जर्मनांच्या गोथा विमानांनी भरदिवसा लंडनवर बाँब टाकले. 162 माणसे मेली. पॉप्लर भागातल्या एका शाळेतली 18 मुले त्यांत होती. इंग्लंड खवळले. जशास तसे द्या, अशी ओरड झाली, आणि 1 एप्रिल 1918 रोजी रॉयल एअर फोर्स हे स्वतंत्र दल उभे राहिले. पाठोपाठ जूनमध्ये फ्रान्समध्ये ह्यू ट्रेंचर्ड या सेनापतीच्या हाताखाली एक खास दल निघाले. त्याचे काम खंदकातल्या फौजेला मदत करण्याचे नव्हते. रणांगण ओलांडून थेट जर्मनीतले कारखाने, रेल्वेची ठाणी, शहरे गाठायची, हे त्याचे काम. ब्रिटिशांच्या दूर पल्ल्याच्या बाँबफेकीचा खरा पाया इथे पडला असे मी मानतो.

याच दलात 1 सप्टेंबरला 110 क्रमांकाची तुकडी दाखल झाली. तिची विमाने निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीतली, म्हणून तुकडीचे नावही ‘हैदराबाद’. देणगी निजामाच्या खाजगीतली की संस्थानची, असे तुम्ही विचाराल. पण त्याची दौलत कुठल्याही पेटीत असो, ती भरत होती मुख्यतः जमिनीच्या उत्पन्नातून. त्यात तेलंगणाचा कास्तकार होता, कानडी मुलखातला होता, तसाच मराठवाड्यातलाही होता. त्याला कोणी विचारले नव्हते.

विमान होते डी.एच. 9 ए. लाकडाचा सांगाडा, वर कापड, एकावर एक दोन पंख. अमेरिकन लिबर्टी इंजिन, 400 अश्वशक्तीचे. दोन माणसे उघड्यावर बसत; पुढचा विमान हाकी, मागचा बंदूक सांभाळी. बाँब सुमारे 300 किलो, म्हणजे आपल्या हिशेबाने तीन क्विंटल. आणि प्रत्येक विमानाच्या अंगावर इंग्रजी अक्षरे रंगवलेली: हैदराबादच्या निजामाची भेट.

14 सप्टेंबरला पहिला हल्ला झाला, बुले येथल्या जर्मन विमानतळावर. मग मानहाइम, मग फ्रँकफर्ट. खाली ढग असले म्हणजे नेम कशाचा धरणार? फट दिसेल तिथे बाँब सोडायचे. कारखान्याऐवजी घरे पडत. जर्मन विमाने वाट पाहत असतच. 21 ऑक्टोबरच्या एकाच मोहिमेत या तुकडीची सात विमाने परत आली नाहीत.

नेमक्या त्याच दोन महिन्यांत आपल्याकडे काय चालले होते? त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. धान्य महागले होते. वर मानमोडीची साथ. इन्फ्लुएन्झाचे हे मराठी नाव जुन्या माणसांच्या तोंडी पुढे कितीतरी वर्षे होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने घरेच्या घरे रिकामी केली. बाँबची शहरे आणि साथीची गावे एकमेकांना ठाऊक नव्हती. तारखा मात्र एकच आहेत. शिक्षकबंधूंनी वर्गात पहिले महायुद्ध शिकवताना फळ्यावर या दोन्ही घटना शेजारी-शेजारी लिहून पाहाव्यात.

एवढे करून साधले काय? नुकसान बेताचेच झाले. पण ट्रेंचर्डचे म्हणणे असे, की बाँबफेकीने माणसाच्या मनावर जो घाव बसतो तो मालमत्तेच्या नुकसानीच्या वीसपट असतो. हा आकडा त्याने कुठल्या तराजूवर तोलला, कोण जाणे! ब्रिटिश वैमानिकी विचारात तो रुजला एवढे खरे. बर्लिन गाठण्यासाठी बांधलेले चार इंजिनांचे हँडले पेज व्ही/1500 युद्ध संपल्यामुळे बर्लिनला गेलेच नाही. त्यातले एक हिंदुस्थानात आले आणि 24 मे 1919 रोजी, तिसऱ्या अफगाण युद्धात, कॅप्टन हॅली याने ते काबूलवर नेऊन अमीर अमानुल्लाच्या राजवाड्यावर बाँब टाकले. पुढे दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टरसारखी विमाने शेकड्यांनी निघू लागली. 1943 च्या जुलैअखेर एकट्या हँबुर्गमध्ये हजारो माणसे आगीत गेली.

निजामाच्या त्या विमानांपैकी एक अजून शिल्लक आहे. एफ 1010 हा त्याचा क्रमांक. 5 ऑक्टोबर 1918 रोजी ते जर्मनांच्या हाती लागले. त्यांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धात ते पोलंडमध्ये गेले, आणि 1977 साली अदलाबदलीत ब्रिटनला परत मिळाले. रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात ते ठेवलेले आहे, आणि निजामाचे नाव अजून त्याच्या अंगावर आहे.