छऱ्यांचे काडतूस (रिव्हॉल्व्हर)

रिव्हॉल्व्हरसाठीचे छऱ्यांचे काडतूस म्हणजे एका गोळीऐवजी अनेक बारीक छर्रे भरलेले काडतूस होय. अमेरिकेत ते 'स्नेक शॉट' या नावाने ओळखले जाते. साप, उंदीर यांसारखे लहान प्राणी अगदी जवळून मारण्यासाठी त्याचा वापर होतो.

रचना

.४४ मॅग्नम, .४५ कोल्ट अशा मोठ्या व्यासाच्या काडतुसांत छऱ्यांना अधिक जागा मिळते. छर्रे बहुधा प्लॅस्टिकच्या कुपीत असतात. काडतूस झाडल्यावर कुपी फुटून ते मोकळे होतात. काही नेमबाज अशी काडतुसे स्वतः भरतात. मात्र दारूचे प्रमाण चुकल्यास दाब वाढून शस्त्र फुटू शकते.

मर्यादा

नळीतील सर्पिल आटे गोळीला फिरकी देऊन तिचा मार्ग स्थिर ठेवतात. तीच फिरकी छऱ्यांना बाहेर फेकते. परिणामी छर्रे लवकर पांगतात, माऱ्याच्या मध्यभागी विरळ जागा राहते आणि उपयुक्त पल्ला काही मीटरांपुरताच उरतो.

कायदा

आटे नसलेल्या नळीत हा दोष राहत नाही. तथापि, अमेरिकेच्या १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार छऱ्यांची काडतुसे झाडण्यासाठी बनविलेल्या, आटे नसलेल्या हातबंदुकीची नोंदणी बंधनकारक आहे. त्यामुळे .४५ कोल्ट व .४१० ही दोन्ही काडतुसे झाडणाऱ्या टॉरस कंपनीच्या 'जज' रिव्हॉल्व्हरच्या नळीतही आटे असतात.