गणिताचा खासगी शिक्षक निवडताना

गणित किंवा प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी घरगुती शिकवणी लावताना शिक्षकाच्या पात्रतेची खातरजमा पालकांनाच करावी लागते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांनुसार शिक्षक किमान पदवीधर असणे आवश्यक आहे. गुणांची वा गुणानुक्रमाची हमी देण्यास मनाई आहे. मात्र ५० हून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांनाच या सूचना लागू होतात.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही.

पडताळणी : शिक्षकाचे पदवी प्रमाणपत्र पाहावे आणि पूर्वीच्या विद्यार्थ्यांकडे चौकशी करावी. एक-दोन तासिका प्रायोगिक ठेवाव्यात. चांगला शिक्षक केवळ उदाहरण सोडवून देत नाही, तर विद्यार्थ्याची चूक नेमक्या कोणत्या पायरीवर होते, ते शोधतो.

परीक्षेची तयारी : जेईई मेनमध्ये गणिताचे २५ प्रश्न १०० गुणांसाठी असतात. अचूक उत्तरास ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तरासाठी १ गुण वजा होतो. त्यामुळे कोणता प्रश्न सोडावा, हेही शिक्षकाने शिकवणे अपेक्षित आहे.

शुल्क : वर्षाचे शुल्क एकरकमी न देता दरमहा द्यावे व पावती घ्यावी.

मोफत पर्याय : शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांच्या ‘साथी’ संकेतस्थळावर जेईईची तयारी विनामूल्य करता येते.